चढणीचा मासा, अस्वल आणि आमचे दादा

ज्या देशात औषधालासुद्धा नदी नाही, त्या देशात तेवीस वर्षं राहून नदीवाचून दुसऱ्या कुठल्याही विषयावर सलग चार वाक्यं न बोललेला माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो माझ्या साडूचा थोरला भाऊ आहे. साडू स्वतः दोन वर्षांत कतारच्या उन्हाला कंटाळून नाशिकला परत गेला. जाताना त्यानं मला इस्त्रीचं टेबल, अर्धा भरलेला गॅस सिलिंडर आणि हे दादा, अशा तीन गोष्टी देऊन टाकल्या. टेबल मोडलं, सिलिंडर संपला, दादा टिकले. साडू त्यांना दादा म्हणायचा म्हणून मी म्हणू लागलो, मी म्हणतो म्हणून माझी बायको म्हणू लागली, आणि आता दोह्यातल्या मुऐदरपासून अल वक्रापर्यंतची यच्चयावत मराठी माणसं त्यांना दादाच म्हणतात. फक्त ते समोरून येताना दिसले की त्यातल्या बऱ्याच जणांना अचानक फोन येतो.

दादा उंच, काटक, किंचित पुढे वाकलेले. सतत ओढ्यात डोकावून पाहत असल्यासारखे. शर्टाच्या खिशाला दोन पेनं. निळं संसारासाठी, काळं शासनाशी पत्रव्यवहार करण्यासाठी. नोकरी समुद्राचं खारं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात, शिफ्ट इनचार्ज. म्हणजे निम्म्या दोह्याला पाणी पाजणारा हा माणूस. पण त्या पाण्याविषयी त्याला काडीची आपुलकी नाही. "ते पाणी नव्हे रे, ते प्रॉडक्ट," म्हणतात. समुद्राबद्दलही त्यांचं मत फारसं बरं नाही. अल वक्राच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरायला नेलं की दहा मिनिटं मुकाट्यानं चालतात आणि मग एखाद्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलतात: "मोठा आहे, कबूल. पण त्याला दिशा नाही. नदीला कसं, वर असतं आणि खाली असतं. माणसाला कळतं आपण कुठे उभे आहोत." त्यावर वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, म्हणतात, "तुम्ही पायवाटेवर उभे आहात आणि मागून सायकल येतेय."

सुट्टीच्या दिवशी सकाळी, जेव्हा सारा देश झोपलेला असतो, तेव्हा दादा हायपरमार्केटच्या मासळी विभागात जातात. घ्यायला नव्हे, भेटायला. तिथे बर्फावर सॅमन मांडून ठेवलेले असतात, गुलाबी, चकचकीत, परीटघडीचे. दादा त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभे राहतात. काउंटरवरचा, केरळचा मुलूख सोडून आलेला माणूस त्यांना आता ओळखतो, तरी दर वेळी तेच संभाषण होतं.

"ये जंगली है या पाला हुआ?"

"सर, नॉर्वे."

"नॉर्वे ठीक है. नदी कौनसी?"

"सर, नदी नहीं. फ्लाइट."

मग दादा माझ्याकडे वळून मला त्या माशाचे कल्ले, पर आणि शेपटी दाखवून पाळीव सॅमन आणि रानचा सॅमन यांतला फरक समजावतात. मी पुण्याचा. मासा म्हणजे पापलेट, आणि पापलेट नसेल तर पनीर, इतपतच माझी तयारी. एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून मी मोठ्या जाणकारीनं म्हणालो, "दादा, हा बघा, हा रानचा दिसतोय, काय तुकतुकी आहे!" त्यांनी पाहिलं. मी प्लॅस्टिकच्या शोभेच्या माशाकडे बोट दाखवत होतो. आमच्या मागे रांगेत माझा ऑफिसातला साहेब ट्रॉली घेऊन उभा होता, हे मला नंतर कळलं.

आता या सॅमनशी दादांचं नातं काय, तर ते पोटच्या पोरीकडून आलेलं. त्यांची एकुलती एक मुलगी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर असते. जन्मली, वाढली, शिकली दोह्यात. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. ती राहते त्या गावातून एक नदी जाते आणि त्या नदीत सॅमन समुद्रातून परत येतात, उलट्या धारेत उड्या मारत, जिथे जन्मले त्या ओढ्यापर्यंत. मध्ये धरण आलं तर सरकार स्वतःच्या खर्चानं बाजूला पायऱ्यापायऱ्यांची शिडी बांधतं, पाणी गार राहावं म्हणून काठावर झाडं लावायला पैसे देतं, आणि एक पगारी माणूस काचेच्या खिडकीशी बसून कोण कोण वर गेलं ते टिपून ठेवतो. लेक या सगळ्याचे व्हिडिओ पाठवते आणि दादा ते आम्हांला, आमच्या साऱ्या ओळखीच्यांना आणि बहुधा काही अनोळखी लोकांनाही पाठवतात. "सरकार माशाला पैसे देतं, माशाला!" असं म्हणताना ते खुर्चीतून अर्धे उठतात. एकदा चहा पिता पिता म्हणाले, "पोरगी मला समजावून सांगत होती, बाबा, सॅमन कुठेही गेला ना, तरी शेवटी आपल्या ओढ्यात परत येतो. मी म्हटलं, हो का गं? छान असतं हो त्याचं." आणि ते हसले. वहिनी कपबशा उचलून आत गेल्या. माझ्या कपात अजून चहा होता.

पण सॅमन हे आपलं बोलण्यापुरतं. दादांचा जीव खरा अडकलाय तो खडसात. खडस म्हणजे सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांतला मासा. मोठमोठे खवले, सोन्याच्या पत्र्यासारखे, आणि अंगात पैलवानाची रग. कोकणात घाटाच्या पायथ्याशी दादांचं गाव आहे आणि गावाला नदी आहे. जून सरता सरता तिला लाल पाणी आलं की खाली डोहांत राहणारे मासे धारेविरुद्ध वर चढतात, ओढ्याओहोळांत जाऊन अंडी घालतात. याला चढण म्हणतात. दादांनी चढणीचं वर्णन सुरू केलं की त्यांचे दोन्ही हात मासे होतात. समोरचं पाण्याचं भांडं लवंडतं. "धबधब्याखाली शंभर-शंभर खडस थांबलेले असायचे रे, देवळाच्या दारात माणसं थांबतात तसे. एक उडी घेतो, पडतो. पुन्हा घेतो. आम्ही पोरं वर बसून ओरडायचो, चढ, चढ!" तिथे 'चढ'ला एवढा जोर लागायचा की खालच्या मजल्यावरचे सुदानी गृहस्थ एकदा वर येऊन विचारून गेले, सगळं ठीक आहे ना.

हे खालच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणजे सहनशीलतेचा मूर्तिमंत नमुना. दादांच्या बाल्कनीत त्यांच्या नदीचा देखावा आहे. ऑगस्टमध्ये दोह्याची हवा इतकी दमट होते की घराघरातले एसी दिवसभर पाणी गाळत असतात. हे कतारमधलं एकमेव आपोआप वाहणारं पाणी, असं दादांच्या लक्षात आलं आणि त्यांनी तीन एसींच्या नळ्या एकत्र करून बाल्कनीत सोडल्या. थर्माकोलचा बंधारा केला. त्याच्या बाजूनं इडलीपात्रातल्या ताटल्या एकाखाली एक लावून माशांची शिडी केली. धार किती वेगानं उतरते हे पाहायला ते वरून साबुदाणा सोडत. चार दिवसांनी खालच्या बाल्कनीत धुतलेल्या शुभ्र कपड्यांवर भिजलेला साबुदाणा सापडू लागला. गृहस्थ वर आले. दादांनी त्यांना अर्धा तास हिंदी, इंग्रजी आणि मोडक्या अरबीत खडस समजावला. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "व्हेरी नाइस फाउंटन. माझ्या मजलिससाठी, पाहुण्यांच्या बैठकीसाठी, एक कराल का?" दादा तीन दिवस दुःखी होते. वहिनी म्हणाल्या, "त्यांना करून द्या, पण ताटल्या स्वतःच्या आणायला सांगा. वर्षभर इडली नाही या घरात."

गणपतीत एकदा आम्ही त्यांना पाच मिनिटं बोलायला उभं केलं. सूत्रसंचालक अर्थातच मी. मी त्यांची ओळख 'सुप्रसिद्ध मत्स्यप्रेमी' अशी करून दिली. दादा 'चढणीचे मासे आणि शासकीय अनुदान' या विषयावर बोलायला लागले ते थांबेचनात. आरतीचं निरांजन विझलं, पुन्हा पेटवलं, पुन्हा विझलं. शेवटी बाप्पाच विसर्जनाला स्वतःहून निघतील असं वाटायला लागलं. भाषण संपल्यावर आठ-दहा जणांनी त्यांना गराडा घातला. मी खूश झालो. म्हटलं, चला, लोकांना विषय भिडला. जवळ जाऊन ऐकतो तर सगळे विचारत होते, मत्स्यप्रेमी म्हणून, की दोह्यात सुरमई ताजी कुठे मिळते. दादांनी मात्र सगळ्यांना नीट पत्ता सांगितला. समुद्राचा मासा ते आवडीनं खातात. नदीचा मात्र शिवत नाहीत. का, ते कधी सांगत नसत.

तर या माणसाच्या आयुष्यात गेल्या दिवाळीत एक सोन्याचा दिवस उगवला. गावाहून सदूभाऊंनी, म्हणजे दादांच्या बालमित्रानं, एका सरकारी सूचनेचा फोटो पाठवला. नद्यांतल्या देशी माशांचं आणि त्यांच्या अधिवासाचं पुनरुज्जीवन करण्यासाठी शासन अनुदान देणार होतं. ग्रामपंचायतीनं प्रस्ताव पाठवायचा होता. आणि योग असा की गावच्या नदीवरच्या जुन्या सिमेंट बंधाऱ्याची दुरुस्ती शिमग्यानंतर निघणारच होती. याच बंधाऱ्यानं माशांची चढण गेली पस्तीसेक वर्षं अडवून धरलेली. दुरुस्तीबरोबर बाजूनं शिडी मंजूर झाली तर झाली. नाही तर एकदा का नवं काँक्रीट पडलं की दादांच्या हयातीत पुन्हा त्याला कोणी हात लावणार नव्हतं.

दादांनी काळ्या पेनानं साठेक पानं लिहिली. त्यात नदीचा उगम होता, आजोबांच्या आठवणी होत्या, एक आरतीही होती. सरकारी नमुना होता बारा पानांचा. दादांनी गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "तू कॉम्प्युटरमधला माणूस. नमुन्यात बसव. आणि हे बघ, पोरीनं तिकडच्या लोकांनी सॅमनसाठी केलेला अर्ज पाठवलाय. कसा मुद्देसूद असतो बघ. नुसता नजरेखालून घाल."

मी तो नजरेखालून घातला आणि माझ्या मनात तो विचार आला, जो आळशी माणसाच्या मनात नेहमी कार्यक्षमतेचं सोंग घेऊन येतो. एवढा सुबक अर्ज समोर तयार आहे. साठ पानं वाचत कोण बसणार? ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी तो इंग्रजी अर्ज भाषांतर करणाऱ्या यंत्रात घातला, मराठी बाहेर काढला, आणि जिथे जिथे 'सॅमन' होतं तिथे तिथे एका फटक्यात 'खडस' करून टाकलं. अगदीच बेजबाबदार नव्हतो मी. 'हिवाळ्यात नदी गोठल्यानंतर' हे वाक्य मी काढलं. 'बर्फ वितळण्याच्या सुमारास'चं 'शिमग्याच्या सुमारास' केलं. एवढ्यात यल्ला यल्ला करत मीटिंगचं बोलावणं आलं, आणि मी फाइल सदूभाऊंना पाठवून दिली. दादांना म्हटलं, "खलास! गेला प्रस्ताव." दादांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. वहिनींनी पुरणपोळी केली. मी तीन खाल्ल्या. सरपंचांनी सही केली, म्हणजे त्यांनीही वाचला नव्हता.

जानेवारीत शासनाचं पत्र आलं. सदूभाऊंनी त्याचा फोटो दादांना पाठवला, दादांनी मला, वर एक शब्दही न लिहिता. मी तो मुऐदरच्या सिग्नलला उभा असताना उघडला आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवेपर्यंत तसाच राहिलो. पत्रात लिहिलं होतं: 'सदर प्रस्तावाच्या पान क्रमांक अकरावर, खडस माशांची संख्या वाढल्याने त्यांवर उपजीविका करणाऱ्या अस्वलांची संख्या पूर्ववत होईल, असे उद्दिष्ट नमूद केले आहे. तरी परिसरातील अस्वलांच्या सद्यःस्थितीबाबत वन विभागाचा अहवाल व ना हरकत प्रमाणपत्र, तसेच अस्वले वाढल्यास ग्रामस्थांची हरकत नसल्याबाबत ग्रामसभेचा ठराव, मार्चपूर्वी सादर करावा. अन्यथा प्रस्ताव निकाली काढण्यात येईल.'

गावात तर हलकल्लोळ. सदूभाऊंचा फोन आला तेव्हा मी दादांच्या घरीच होतो, म्हणजे माफी मागायला सोफ्याच्या अगदी टोकावर टेकलो होतो. स्पीकरवरून सदूभाऊ ओरडत होते, "दादा, अवो गावात दोन तट पडलं! बाया म्हनतात, अस्वल आला तर फनस कोन राखील? आनि सरपंचाचा पोरगा म्हनतो, अस्वल येऊ द्या, टुरिस्ट वाडतील! पन मला येक सांगा, अस्वल धाडतंय कोन? सरकार का तुमी?"

मी मान खाली घातली. कॅनडाहून लेकीचा निरोप आला होताच: 'बाबा, हू रोट धिस? वुई हॅव बेअर्स. यू डोन्ट.' मी सगळं कबूल केलं. यंत्र, जेवणाची सुट्टी, साठ पानं न वाचणं, सगळं. म्हटलं, "दादा, बोला हो काहीतरी. शिव्या द्या."

दादा उठले, बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर बसले. "तो बंधारा कुणी बांधला, ठाऊक आहे तुला?"

"सरकारनं."

"सरकारच्या वतीनं तिथे छत्री घेऊन कोण उभं होतं?"

मी सोफ्याच्या टोकावरून आणखी पुढे सरकलो.

"मी. डिप्लोमा करून ठेकेदाराकडे नुकता लागलो होतो. पहिलंच काम, तेही माझ्याच गावात. आईनं पेढे वाटले. नकाशावर कुणा जुन्या ओव्हरसियरनं एका कडेला पेन्सिलीनं खाच काढली होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'मासे'. मी ठेकेदाराला विचारलं, ही कसली रेघ? तो म्हणाला, काही नसेल, खोडून टाक. मी खोडली. रबर माझंच होतं."

आतून कुकरची शिट्टी झाली.

"पुढच्या जूनला खडस आले. बंधाऱ्यावर उड्या घ्यायला लागले. आपटायचे, पडायचे, पुन्हा आपटायचे. गावानं टोपल्या भरभरून नेले. इतका मासा कुणी बघितला नव्हता. मला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. म्हणाले, काय बंधारा बांधलास! मीही खाल्ला. तीन-चार वर्षं चालली ही चैन, आणि मग एका जूनला नदीला लाल पाणी आलं, आणि नुसतं पाणीच आलं." ते थोडं हसले. "तुझं आपलं बरं. तुझं कागदावर आहे, दुरुस्त होतं. पुसून टाक डोळे. तुझ्या वहिनीला वाटेल मी ओरडलो."

त्यांनी दुसऱ्याच दिवशी गावी जाण्यासाठी रजा टाकली. आणि इथे मला माझ्या गाढवपणाची खरी किंमत कळली. दादांना वर्षाला एकच रजा मिळते, आणि गेली तेवीस वर्षं ती त्यांनी जूनमध्येच घेतली आहे. मासे चढत नाहीत हे माहीत असताना दर जूनला हा माणूस गावी जातो, बंधाऱ्यावर बसतो आणि परत येतो. या वर्षी शिडी झाली तर या जूनला तिथे असणं म्हणजे काय होतं, ते मी सांगायला नको. मी म्हटलं, "दादा, मी जातो. माझी रजा शिल्लक आहे. अस्वल मी आणलंय."

"तू ओळखशील का अस्वल?" त्यांनी विचारलं. मला प्लॅस्टिकचा मासा आठवला आणि मी त्यांचं तिकीट बघायला घेतलं.

फेब्रुवारीत दादा गेले आणि वन विभागाच्या एका गार्डाला घेऊन चार दिवस रानात अस्वल नसल्याचा शोध घेत हिंडले. असलेली गोष्ट सापडायला एक दिवस पुरतो, नसलेली सापडायला चार लागतात, असं त्यांनी फोनवर सांगितलं. गार्ड स्वतःच अस्वलाला घाबरणारा. तो सदैव दादांच्या मागे वीस पावलं. अखेर प्रमाणपत्र मिळालं: 'सदर क्षेत्रात अस्वल आढळून आले नाही. भविष्यात आढळल्यास कळविण्यात येईल.' ग्रामसभेनं ठराव केला की नसलेल्या अस्वलास गावाची हरकत नाही. फाइल सादर झाली, आणि मग मार्चअखेर नावाच्या त्या महान शक्तीनं कृपा केली, जी वर्षभर झोपलेल्या टेबलांना शेवटच्या आठवड्यात पंख फोडते. निधी परत जाण्यापेक्षा माशांना गेलेला बरा, असं कोणाला तरी वाटलं असावं. शिडी मंजूर झाली, 'प्रायोगिक तत्त्वावर'. दादांनी मागितल्या होत्या बारा पायऱ्या, मिळाल्या सात. ठेकेदारानं सदूभाऊंना विचारलं म्हणे, "माशाला पायच नाहीत, त्याला पायऱ्या कशाला?" पण बांधल्या. मे महिन्यात एकेका पायरीचा फोटो यायचा आणि दादा तो दोन बोटांनी मोठा करकरून पाहायचे. एक कोपरा त्यांनी तीनदा फोडून पुन्हा करायला लावला, इथून, फोनवर, शिफ्टवरून.

आणि जून आला. इकडे वाऱ्यानं उडणारी वाळू आणि आकाश पिठासारखं पांढरं. तिकडे सदूभाऊंची नेमणूक झाली: लाल पाणी आल्या दिवसापासून रोज सकाळी शिडीशी जाऊन बसायचं, दुपारी फोन करायचा. पहिल्या दिवशी फोन आला, "आज नाय." दुसऱ्या दिवशी, "आज पन नाय." तिसऱ्या दिवशी सदूभाऊ आपणहून म्हणाले, "दादा, ज्यांना वरची वाट म्हाईत व्हती ते मासे तर कवाच मेले. आताच्यांना कोन सांगनार, वर काय हाय ते?" दादा म्हणाले, "तू बस. त्यांना काही सांगू नकोस, नुसता बस."

सातव्या का आठव्या दिवशी शुक्रवार होता. आम्ही दोघं नवराबायको दादांकडे जेवायला गेलो होतो. वरण-भात, तळलेली सुरमई, समोर टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला फोन. मी सुरमईचा दुसरा तुकडासुद्धा मागितला नाही, यावरून वातावरणाची कल्पना यावी. फोन वाजला. दादांनी बोट ठेवलं आणि आधी नदीच ऐकू आली. मग सदूभाऊ.

"दादा. येक चडला."

दादा ताटावरून उभे राहिले. "खडस?"

"खडसच. लय मोटा नाय, हाताएवडा. तिसऱ्या पायरीत निस्ता बसून ऱ्हायला. मला वाटलं, परततोय. मंग येकदम उडी टाकली."

"गेला वर?"

"गेला. सातवी चडून गेला. शेपटी दिसली, मंग नाय दिसला."

"मागून कोण आहे?"

"मागनं कोन नाय, दादा. मी सकाळधरनं हलल्यालो नाय. येकलाच व्हता."

दादांनी "बरं. जेव तू आता," म्हणून फोन ठेवला आणि उष्ट्या हातानं तसेच उभे राहिले. अशा वेळी गप्प बसावं हे मला कळतं. बसता मात्र येत नाही. मी म्हणालो, "चला दादा, एक तर एक! उद्घाटन झालं की नाही? पुढच्या वर्षी बघा, इन्शाल्ला, रांग लागेल रांग!" बायकोनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

"एकटाच आहे रे," दादा म्हणाले. "एवढं सगळं चढून वर गेला. एकटा काय करील तो तिथे?"

मी सुरमईचे काटे वेगळे करत बसलो. बोलल्या त्या वहिनी, ज्यांनी तेवीस वर्षं या नदीला आणि माशाला नावं ठेवली.

"थांबेल की," त्या म्हणाल्या. "दुसरं कोणी येईपर्यंत थांबेल."

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. "थांबेल ना गं?"

"पाणी आहे तोवर थांबेल. बसा आता तुम्ही," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या ताटात थोडा गरम भात वाढला.